अंगठ्याला बांधलेली दोरी

१

ही गोष्ट खरी आहे. माझ्या प्रॉव्हिडंट फंडाची शपथ घेऊन सांगतो. मुलांची शपथ मी घेत नाही, त्याचं कारण शेवटपर्यंत आलात तर कळेल. तर अक्षर न् अक्षर खरी. ऐन उन्हाळ्याचे दिवस होते, एकलहऱ्याच्या आमच्या कॉलनीत दुपारी चिटपाखरू नव्हतं आणि बायको माहेरी गेली होती.

बायको माहेरी गेली नव्हती, शाळेत गेली होती. ती शिक्षिका. आणि उन्हाळा असता तर शाळेला सुट्टी असती, तेव्हा उन्हाळाही नव्हता. दिवाळी होऊन गेली होती, एवढं धरा. बाकी सगळं खरं.

माझी ख्याती तुम्हाला ठाऊक नसेल. मी पॉवर स्टेशनात, कोळसा विभागात ऑपरेटर. कोळशाच्या पट्ट्यावर बसून एक बिबट्या थेट वर बॉयलरपर्यंत गेला, ही कँटीनमध्ये अजून फिरणारी गोष्ट माझीच. त्यातला पट्टा खरा होता. "निवृत्ती बोलला की निम्मं वजा करा," असं आमचे फोरमन म्हणतात, आणि ते मनाने उदार आहेत. घरी बायको, लता, सगळंच वजा करते. एरवी मी हे हसण्यावारी नेतो. पण थापाड्याची पोरगी म्हणून माझ्या थोरलीचं, उत्तराचं, बोलणंही कोणी खरं मानलं नाही, आणि त्यापायी तिला घराबाहेर काढायची वेळ आली होती, तिथे हसू आलं नाही.

यात मी एक गोष्ट रचून घातली आहे. कुठली, ते शेवटी सांगेन.

२

त्या दिवसांत मी रात्रपाळी मागून घेतली होती. हो, मागून! लताची शाळा नाशिकरोडला, दुपारची. पोरांना बघायला घरात तिसरं माणूस नाही. मग असं ठरलं की मी रात्रभर कोळसा बघायचा, सकाळी घरी यायचं, लताने पोरं माझ्या हवाली करून बस पकडायची आणि दुपारी मी आराम करायचा. आराम हा तिचा शब्द.

थोरली उत्तरा तिसऱ्या वर्षात होती. धाकट्या मिलिंदला दात येत होते. दात येत होते म्हणजे येतच नव्हते. हिरड्या टम्म सुजलेल्या, लाळेने झबलं ओलंचिंब, जुलाब, अंग कोमट, आणि हाताला लागेल ते तोंडात. माझ्या घड्याळाचा पट्टा, चपलेचा अंगठा, उत्तराचा कान. रडायचा तो असा, की मधे श्वास घेई तेवढीच आम्हाला विश्रांती. पॉवर स्टेशनची घरघर अष्टौप्रहर चालू असते, पण तिची सवय होते. पोराच्या रडण्याची होत नाही. त्याला तसंच बनवलेलं असतं.

उत्तरा रडत नसे. ती बातम्या द्यायची.

"बाबा, बाळ उठलं."

"कळलं."

"बाबा, बाळ रडतंय."

"ऐकू येतंय मला."

"बाबा, झोपले का?"

"हो."

"मग बोलता कसे?"

आतल्या खोलीत झोळी होती. छताला सरकारने पंख्यासाठी कडी दिली होती, पंखा दिला नव्हता. त्या कडीला सासूबाईंचं जुनं लुगडं बांधलेलं. राखेचा थर आत येऊ नये म्हणून त्या खोलीच्या खिडकीला लताने गोणपाट लावलं होतं, त्यामुळे भर दुपारीही तिथे अंधारल्यासारखं असायचं. माझी कॉट बाहेरच्या खोलीत. झोळीला दोरी, ती उंबऱ्यावरून बाहेर आलेली, आणि तिचं दुसरं टोक माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला. पडल्या पडल्या पाय ओढायचा, सोडायचा. ओढायचा, सोडायचा. पुढे पुढे तर डोळा लागला तरी पाय चालू राहायचा. हा शोध माझा नव्हे, कॉलनीतल्या निम्म्या बापांच्या अंगठ्यांना वळ होते.

आता दोरीबद्दल एक सांगून ठेवतो, पुढे लागेल. कोळशाच्या पट्ट्याच्या कडेने आमच्याकडे एक लांबलचक दोरी असते. कुठे काही अडकलं की ती ओढायची, पट्टा थांबतो. इतकी वर्षं ती दोरी हाताळल्यावर पलीकडच्या टोकाला काय आहे, ते मला न बघता कळतं. ढिलं, ताणलेलं, अडकलेलं, जड. ही थाप नव्हे.

शेजारच्या फिटरची आई, गोजराबाई, आमची सल्लागार. मधात टाकणखार कालवून हिरडीला चोळा, हे तिचं. खारकेला दोरा बांधून पोराच्या गळ्यात अडकवा, चघळत बसेल, हेही तिचंच. एकदा झोळीची गाठ बघता बघता म्हणाली, "भाऊ, एक ध्यानात ठेवा. लेकरू आत नसलं तर झोळी हलवू नाय."

"का हो मावशी? काय होतं?"

"पोट दुखतं लेकराचं."

"मग बरंच की! रोज त्याच कारणाने रडून तोही कंटाळला असेल."

"हसा, हसा," ती म्हणाली. "तुमच्याकडे काही मानत नाय, ठाऊक हाय मला."

खरंच मानत नाही. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात दृष्ट काढणं, अंगारे-धुपारे, ताईत, सगळं बंद. भुताच्या गोष्टी सांगायला मला आवडतात. मानायच्या भानगडीत मी कधी पडलो नाही.

३

त्या दुपारी मिलिंद झोळीत नव्हता. "डोळे बघा कसे झालेत तुमचे," असं म्हणून गोजराबाई त्याला आपल्या घरी घेऊन गेली होती. उत्तरा माझ्या कॉटखाली भातुकली मांडून बसली होती. मी आडवा झालो. अंगठ्यातली दोरी काढायचंही भान राहिलं नाही.

जाग आली ती पायामुळे. पाय चालू होता. ओढ, सोड. ओढ, सोड.

भिंतीपलीकडून मिलिंदचं रडणं ऐकू येत होतं, गोजराबाईच्या घरातलं. मला हसू आलं. पोरगं तिकडे आणि बाप इकडे हवा झुलवतोय. मग हळूहळू लक्षात आलं, की दोरी जड आहे.

रिकाम्या झोळीची दोरी ओढली की ती भुरकन येते आणि सोडली की लोंबते. ही लोंबत नव्हती. मी सोडली की ती माझा पाय घेऊन जात होती. पलीकडे वजन होतं. झुलणारं, मऊ, आपली लय सापडलेलं वजन.

मी पाय थांबवला. दोरीने अंगठा एकदा ओढला. थांबली. पुन्हा ओढला, जरा हळू.

झुलणारी वस्तू एकदम थांबत नाही, हे मीच नव्या पोरांना शिकवतो. तेच स्वतःला शिकवलं आणि उठून आत गेलो. झोळी हलत होती. आत काही नव्हतं. बुडाशी हात घातला तर लुगडं कोमट आणि ओलं, लाळेने चिकट. मिलिंदची लाळ. सकाळची असणार. सकाळची लाळ दुपारी कोमट कशी, हा प्रश्न चांगली झोप झालेल्या माणसाचा. मी परत येऊन पडलो.

कॉटखालून आवाज आला, "बाबा, कोणाला झुलवत होते?"

"कोणाला नाही. रिकामी होती."

उत्तराने जरा विचार केला. "मग ते का हसलं?"

४

त्यानंतर मिलिंद झोळीत शांत राहू लागला.

हेच तर मला हवं होतं, नाही का? हातात घेतलं की भोकाड, जमिनीवर ठेवलं की भोकाड, आणि झोळीत टाकलं की चूप. लता म्हणाली, "तुमचा पाय गुणी निघाला." मी कॉटवर पडायचो, दोरी ओढायचो आणि झोपेची वाट बघायचो. ती येत नव्हती. इतके दिवस रडण्याने जागा होतो, आता शांततेने. वैताग म्हणजे किती! उशीवर डोकं टेकलं की कान आपोआप आतल्या खोलीत जायचे.

चोखण्याचा आवाज यायचा. चुप, चुप. मिलिंद खारीक चघळत असणार. पण एका आवाजापाठोपाठ दुसरा यायचा. चुप, आणि लगेच चुप. पहिला सावकाश, सवयीचा. दुसरा घाईचा, जरासा चुकलेला, कोणी नव्याने शिकत असल्यासारखा. भिंतीवरून आवाज परत येतो म्हणतात, तसं असेल. रिकामी खोली असली की येतो. आमची खोली रिकामी नव्हती. ट्रंका, गोधड्या, ज्वारीचं पोतं. तरीही असेल.

एका दुपारी चुप, चुप चाललं असताना 'कट्' असा आवाज झाला.

संध्याकाळी लताने मिलिंदच्या गळ्यातला दोरा उचलून धरला. दोऱ्याला खारकेची नुसती बी होती. आणि बीवरही खाचा.

"उत्तरा! बाळाची खारीक खाल्लीस?"

"मी नाय खाल्ली. झोळीतल्याने खाल्ली."

"झोळीतल्याला दात आहेत का गं?" लताने मिलिंदच्या तोंडात बोट घालून फिरवलं. नुसती हिरडी.

"याला नाहीत," उत्तरा म्हणाली.

लता माझ्याकडे वळून हसली. "घ्या. बापावर गेली आहे. आतापासून थापा."

मीही हसलो. आपल्या गुणाचं कौतुक कोणाला आवडत नाही?

५

पुढच्या आठवड्यात हसणं संपलं. मिलिंदला न्हाऊ घालताना लताला त्याच्या मांडीवर चाव्याची खूण दिसली. वर एक वाटोळी ओळ, खाली एक. बारीक बारीक दात, लाल, ताजे.

मी मोरीच्या दारात गेलो तेव्हा लताने उत्तराचा दंड धरला होता.

"का चावलीस त्याला?"

"मी नाय."

"मग कोण? मी? का तुझा बाबा?"

"दुसरं बाळ."

लताने तिला चापट मारली. लता मारणारी बाई नव्हती. मारून तीच रडायला लागली. उत्तरा रडली नाही, नुसती मिलिंदच्या पायाजवळ जाऊन बसली आणि आपला हात तिने त्या खुणेवर पसरून ठेवला.

"धाकटं झालं की थोरलं असं करतं," लता नंतर मला म्हणाली. "आमच्या शाळेतल्या बाई सांगत होत्या. आज मांडी आहे, उद्या डोळा असला तर? तुम्ही दुपारी झोपता. मी इथे नसते. अहो, मी आईला निरोप धाडलाय निफाडला. रविवारी येईल आणि उत्तराला घेऊन जाईल. याचे दात येऊन जाऊ देत, मग बघू."

"दात यायला वर्ष लागतं, लता."

"मग वर्ष."

"आणि ती खरं बोलत असली तर?"

लताने माझ्याकडे असं पाहिलं, की मी वाक्य गिळलं. बिबट्या मधे उभा होता. कोळशाच्या पट्ट्यावरून उतरून तो आमच्या स्वयंपाकघरात आला होता आणि माझ्या पोरीच्या वाटेत बसला होता.

गोजराबाईने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "भाऊ, झोळी रिकामी हलवली व्हती का?"

"छे," मी म्हणालो.

उत्तराला निफाडचं सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मग बाळाला कोण बघणार?"

"मी आहे ना."

"तुम्ही झोपता," ती म्हणाली.

६

शनिवारी लताची शाळा सकाळची. सुटल्यावर ती उत्तरासाठी फ्रॉक घ्यायला बाजारात जाणार होती, निफाडला जाताना अंगावर नवं काही असावं म्हणून. मी उत्तराला आंघोळ घालायला घेतली. गंजी काढली आणि पाठीवर तांब्या ओतणार तेवढ्यात हात थांबला.

दोन खांद्यांच्या मधोमध, वर एक वाटोळी ओळ, खाली एक.

तिथे तिचं तोंड पोचणं शक्य नाही. तिथे तिचा हातही पोचत नव्हता. शेजारचं कोणी पोर? दोन दिवस ती झोळीजवळून हललीच नव्हती. झोळीकडे पाठ करून ती आपली भातुकली मांडायची.

"दुखतं का गं?"

"आता नाय दुखत." मग म्हणाली, "मी मधे बसले की ते मला चावतं. बाळाला नाय चावत."

मी तिचं अंग पुसलं, तिला कॉटवर माझ्या भिंतीकडच्या बाजूला बसवलं आणि हलायचं नाही असं बजावलं. उद्या सासूबाई येणार. माझ्या शब्दावर कोणी थांबणार नाही, आणि पाठीवरची ती खूण दाखवली तर लता म्हणेल, पडली असेल, खेळताना कोणी चावलं असेल. मला बघायला हवं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी, चांगल्या उजेडात, जागेपणी.

मिलिंदला झोळीत घातलं. दोरी अंगठ्याला बांधली. पडलो आणि डोळे उघडे ठेवले.

ओढ, सोड. दोरी नेहमीची. एका पोराएवढी. बाहेर कोणाच्या तरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या, पलीकडे गोजराबाई धुणं आपटत होती, पॉवर स्टेशनची घरघर चालू होती. चुप, चुप असा मिलिंदच्या चोखण्याचा आवाज. एकच. मला वाटलं, आज काही नाही. माणूस झोपला नाही की असलं काही होतच नसतं, झोपेचेच खेळ. असं वाटून मी पाय सैल सोडला आणि दोरी जड झाली.

एकदम नाही. पट्ट्यावर कोळसा पडायला लागतो तशी. अंगठ्याचा वळ पांढरा पडेपर्यंत.

चुप. आणि लगेच चुप.

उत्तराने माझ्या शर्टाची बाही धरली. मी अंगठ्यातली दोरी सोडली, हातात घेतली आणि दोरीच्या मागोमाग चालत आत गेलो. पाच-सहा पावलांची वाट, पण दोरी हातात घट्ट होती आणि मला कुठे घाईने, कुठे सावकाश, अशी नेत होती.

आत गोणपाटाच्या भोकांतून येईल तेवढा उजेड. झोळी खाली आली होती. एरवी माझ्या कमरेशी लोंबणारं लुगडं फरशीपासून वीतभर उरलं होतं आणि वर कडी करकरत होती. कापडाच्या दोन्ही कडा मिटलेल्या. माझ्या बाजूने आतून एक टाच कापडात उमटली. एवढीशी टाच. लाथ मारली, मागे गेली. मिलिंद झोपेत अशाच लाथा मारतो. मग झोळीच्या पार त्या टोकाला दुसरी टाच उमटली. तीही एवढीशीच. थोडं थांबून तिनेही तशीच लाथ मारली.

एका पोराच्या दोन टाचा इतक्या दूर असत नाहीत.

मी दोन्ही हात वरून आत घातले. बघायला नको म्हणून मान वळवली, हे कबूल. डाव्या हाताचं बोट अलीकडच्या तोंडात गेलं. गरम, मऊ, सुजलेली हिरडी. माझं बोट कितीदा चावलंय या हिरडीने, मी तिला ओळखणार नाही तर कोण? आणि त्याच क्षणी उजव्या करंगळीवर, पलीकडून, दात बसले. वरचे आणि खालचे. जोरात नाही. खारकेवर बसतात तसे, आधी चाचपून आणि मग कट्.

मी ओरडलो, हात हिसडून घेतला, हिरडीवाल्याला ओळखून उचललं, छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने गाठीचं लोंबतं टोक खेचलं. लुगडं धप्पकन खाली आलं.

फरशीवर पडलं तेव्हा त्याचा नुसता ढीग झाला. त्यात काही नव्हतं.

"बाबा," उत्तरा उंबऱ्यात उभी होती. "बाळ कुठंय?"

"हे काय माझ्याकडे."

ती माझ्या हातातल्या पोराकडे बघत राहिली. बराच वेळ. मग खाली बसली आणि लुगड्याची एकेक घडी उलगडून बघायला लागली.

७

लता फ्रॉक घेऊन आली तेव्हा मी बोटाला हळद लावून बसलो होतो. नुसतं बोट पुढे केलं, आणि मग उत्तराची पाठ दाखवली.

लता बुद्धिमान बाई आहे. तिने टोपलीतला पेरू उचलला आणि उत्तराला म्हणाली, "चाव." पेरूवरची खूण माझ्या करंगळीजवळ धरली. पेरूवरची ओळ मोठी होती, पुढच्या दोन दातांत फट होती. माझ्या बोटावर फट नव्हती. दात लहान होते आणि दाट होते.

"ही उत्तरा नाही," लता म्हणाली.

"तेच सांगतोय."

"मग कोण?"

मी आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट सांगायला नकार दिला. "झोळी काढून टाकलीय," एवढंच म्हणालो. ती उत्तराला जवळ ओढून पाठीवरच्या त्या खुणेवर किती वेळ फुंकर घालत बसली होती. नवा फ्रॉक तिने लगेच घातला तिला, निफाडची वाट न बघता.

रविवारी सासूबाई, विठाबाई, टोपलीभर द्राक्षं घेऊन आल्या आणि एकट्याच परत गेल्या. "मला काय लेकरू जड झालं असतं व्हय, जावईबापू?" असं वर ऐकवून. म्हणजे मी जिंकलो. माझी पोर घरात राहिली.

हो, त्याच शनिवारचं एक राहिलं. संध्याकाळी लता मिलिंदला चमच्याने पाणी पाजत होती. चमचा तोंडात गेला आणि टण् असा आवाज आला.

"अगंबाई! आला की दात!" लता ओरडली. "मावशी, या हो, दात आला!"

गोजराबाई धावत आली. तिने त्याची हनुवटी धरून तोंड उघडलं, आत बघितलं, आणि पुन्हा बघितलं. "एक नाय गं," ती म्हणाली. "लय आलेत." सगळ्या हसल्या. साखर वाटली. दाबून धरलेले दात असे एकदम येतात म्हणे. येत असतील.

८

आता नऊ-दहा वर्षं झाली. आम्ही अजून त्याच कॉलनीत आहोत. मिलिंद चौथीत आहे, अभ्यासात बरा आहे, निफाडहून ऊस आला की कोयता लागत नाही त्याला, दातांनीच सोलतो. लाडका आहे लताचा. रडणं म्हणाल तर त्या दिवसापासून तो जवळजवळ रडलाच नाही. लुगड्याची लताने गोधडी शिवली. उत्तरा ती पांघरत नाही, पण कोणाला टाकूही देत नाही. दर सुट्टीत उन्हात घालते, झटकते, घड्या तपासते आणि ठेवून देते. एकाच खोलीत झोपतात दोघं. ती त्याच्याकडे पाठ करून कधी झोपत नाही.

तर काय रचलं, ते सांगायचं होतं.

उन्हाळा खोटा होता, ते तर मीच कबूल केलं. दोरी खरी. लुगडं, खारीक, टाचा, पाठीवरची खूण, पेरू, सगळं खरं. बोटावरचा व्रण अजून आहे, हवं तर दाखवतो.

हिरडी खोटी.

मी एकच हात घातला होता. एकच तोंड लागलं. त्याला दात होते. पलीकडच्या बाजूला पोचायला मला आणखी हात लांब करावा लागला असता, आणि हे पोरगं रडत होतं, अगदी मिलिंदसारखं, सवयीचं, सावकाश. मी त्यालाच उचललं.